‘बरंय’ म्हणू नका, किती दुखतंय ते सांगा

मागच्या अंकात किमो चालू असताना पेशंटच्या जेवणाखाण्यावर अर्धं पान लिहिलं होतं आणि त्याच्यावर इतके प्रश्न आले की संपादक म्हणाले, ताई आता या महिन्याचं सदर तुमचंच. मी डॉक्टर नाही हे परत एकदा सांगते, मी नर्स. बावीस वर्षं कॅन्सर वॉर्ड आणि नंतर वेदना विभागात काढली, आता रिटायर आहे. त्यामुळे गोळ्यांचे डोस मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण डॉक्टरांना काय विचारायचं, घरी काय बघायचं आणि कुठली गोष्ट ‘चालायचंच’ म्हणून सोडून द्यायची नाही हे मी नक्की सांगू शकते. पत्रं थोडी छोटी केलीयेत, नावं काढलीयेत.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, गालाचा कॅन्सर, तीस वर्षं तंबाखू-चुना. ऑपरेशन झालं, आता लाईट (रेडिएशन) चालू आहे, एकूण ३० द्यायचेत त्यातले १७ झाले. तोंड आतून पूर्ण सोलल्यासारखं झालंय, पाणी पण झोंबतं. चार दिवस नुसतं चहात बुडवलेलं बिस्किट चालू आहे. डॉक्टर विचारतात कसं आहे, तर बाबा मान हलवून ‘बरंय’ म्हणतात आणि घरी येताना गाडीत डोळे पुसतात. काय करू? – एक मुलगा, सातारा

दादा, हे तुम्ही मला जे लिहिलंय ना, ‘चार दिवस फक्त चहा-बिस्किट’, हेच वाक्य उद्या तसंच्या तसं डॉक्टरांसमोर बोला. बाबा नाही बोलणार. त्या पिढीतले पुरुष दुखतंय म्हणायला लाजतात, आणि त्यांना मनात अशी पण भीती असते की तक्रार केली तर लाईट बंद करतील. मी असे कितीतरी बाबा बघितलेत. डॉक्टरांच्या समोर पाच मिनिटं असतात, बाहेर साठ जणांची लाईन, ते पण ‘बरंय’ ऐकलं की पुढचा नंबर घेतात, त्यात त्यांची फार चूक आहे असं मी म्हणणार नाही.

आता तोंडाचं. लाईटने तोंड येणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चालू होतं, शेवटच्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि लाईट संपल्यावरही एक-दोन आठवडे वाढतंच, मग हळूहळू भरतं. म्हणजे तुमचा अवघड काळ अजून पुढे आहे, म्हणून आत्ताच हालचाल करा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा टाकायचा, दर दोन-तीन तासांनी त्याच्या गुळण्या, गिळायचं नाही, रोज नवीन पाणी करायचं. बाजारातलं ते झणझणीत माऊथवॉश घरात असेल तर आधी उचलून ठेवा, त्यातल्या अल्कोहोलने आग होते. ब्रश अगदी मऊ, लहान मुलांचा मिळतो तो. तोंड बधिर करणारं जेल किंवा औषध डॉक्टर लिहून देतात, ते जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लावायचं, म्हणजे घास जातो, फक्त मग हळू खायला सांगा कारण बधिर घशात ठसका लागतो. जिभेवर, गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग दिसले तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, त्याला वेगळं औषध आहे, ते गुळण्यांनी जात नाही.

आणि दुखण्याची गोळी मागा. सरळ मागा. साध्या गोळीने भागत नसेल तर त्याच्या वरची देतात, तोंडाच्या या दुखण्याला मॉर्फिनसुद्धा देतात आणि तोंड भरलं की बंद करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही (मॉर्फिनवर पुढे लिहिलंयच).

खाण्यात तिखट, आंबट, कडक, गरम हे चारही बंद. नाचणीची आंबील ताक न घालता दुधातली, पातळ खिमट, मूगडाळीचं वरण तूप टाकून गाळून, अंड्याचं बलक दुधात फेटून शिजवलेलं, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली खीर. सगळं थंड किंवा कोमट. दोन वेळा ताट वाढण्यापेक्षा दर दोन तासांनी अर्धी वाटी. आठवड्याला एकदा एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. हे वजनाचं मी उगाच नाही सांगत, लाईटच्या वेळी तोंडावर जो जाळीचा मास्क बसवतात तो पेशंटच्या मापाचा बनवलेला असतो, वजन फार उतरलं की तो सैल होतो आणि मग लाईटचं माप परत घ्यायला लागतं. म्हणजे न खाण्याने इलाजच बिघडतो. डॉक्टर नाकातून नळी टाकू म्हणाले तर ‘एवढी वेळ आली का’ म्हणून रडू नका, दोन महिन्यांची नळी असते ती, तिच्यातून पोटात जातं आणि तोंडाला सुट्टी मिळते.

अजून एक, तोंड उघडायचा व्यायाम आत्तापासून. फिजिओथेरपीवाले आईस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला देतात, दर आठवड्याला एक पट्टी वाढवायची. दुखतं म्हणून सगळेच टाळतात आणि सहा महिन्यांनी तोंडात दोन बोटं पण जात नाहीत. आधी गोळी, मग अर्ध्या तासाने व्यायाम.

प्रश्न : आईला किमो देऊन नऊ दिवस झाले, रात्री १०१ ताप आला, आम्ही तापाची गोळी दिली, सकाळी उतरला. दाखवायला पाहिजे का? – कोल्हापूर

पत्राची वाट बघत बसला नसाल अशी आशा आहे. किमो झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, लोक ‘काउंट पडले’ म्हणतात ते हेच, आणि या दिवसांत १००.४ च्या वर ताप म्हणजे इमर्जन्सी. रात्री दोन वाजले असले तरी फोन, नाहीतर सरळ हॉस्पिटल. तापाची गोळी देऊन झोपवायचं नाही, गोळीने ताप झाकला जातो, आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. शिरेतून अँटिबायोटिक जितकं लवकर चालू तितकं चांगलं, इथे तासांचा हिशेब असतो. काचेचा नको, डिजिटल थर्मामीटर घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तो उशाशी ठेवा. आणि ड्युटीवरच्या मुलाला पहिलं वाक्य हे सांगा, ‘किमोचा पेशंट आहे, नववा दिवस आहे, ताप आहे’. नाहीतर साधा ताप म्हणून बाकड्यावर बसवून ठेवतील.

प्रश्न : बायकोला ब्रेस्टचा कॅन्सर, लाल इंजेक्शनवाली किमो चालू आहे. उलट्यांसाठी ज्या गोळ्या दिल्या त्यातली एक गोळी मेडिकलवाल्याने बघून सांगितलं की ही मानसिक आजाराची आहे. आम्ही ती देणं बंद केलं. बरोबर केलं ना? – छत्रपती संभाजीनगर

नाही, चूक केलं, पण रागावत नाही कारण हे आठवड्याला एकदा तरी व्हायचं आमच्याकडे. ओलान्झापिन नाव असेल बघा. ती मूळची मानसिक आजाराचीच गोळी, बरोबर सांगितलं त्याने, पण मेंदूतल्या ज्या केंद्रातून उलटीचा हुकूम सुटतो तिथे ती फार छान काम करते, म्हणून किमोच्या पेशंटला थोड्या दिवसांसाठी देतात. तुमची बायको वेडी आहे असं डॉक्टरांना वाटलेलं नाही! त्या गोळीने झोप येते, दिवसभर गुंगल्यासारखं होतं ही तक्रार खरी असते. पूर्वी १० मिलिग्रॅमची द्यायचे, मग मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ब्रेस्टच्या आणि इतर पेशंटमध्ये २.५ मिलिग्रॅम देऊन बघितली, २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, उलट्या तितक्याच थांबतात आणि गुंगी कमी येते. त्याच्या आदल्या वर्षी पुद्दुचेरीच्या जिपमर या सरकारी हॉस्पिटलमधूनही आलं होतं की हीच छोटी गोळी किमोच्या पेशंटची भूक आणि वजन वाढवायला उपयोगी पडते. तेव्हा गुंगीचा त्रास असेल तर बंद करू नका, ‘कमी डोसची चालेल का’ एवढंच विचारा.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर द्यायची नसते, आधी द्यायची असते. एकदा उलट्यांचा सपाटा चालू झाला की पोटात काही टिकत नाही, गोळी पण बाहेर. आणि पहिल्या किमोला फार उलट्या झाल्या तर काहींना दुसऱ्या वेळी हॉस्पिटलचा जिना चढतानाच, त्या स्पिरिटच्या वासानेच मळमळायला लागतं. म्हणून पहिल्याच किमोला नीट बंदोबस्त व्हायला पाहिजे. लाल इंजेक्शननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे, हे कोणी सांगत नाही आणि बायका रात्रभर रडत बसतात.

प्रश्न : मिस्टरांचा कॅन्सर हाडात गेलाय, कंबर आणि मांडी रात्रंदिवस दुखते. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दीर म्हणतात याचं व्यसन लागतं, सासूबाई म्हणतात ही शेवटची गोळी असते. मी डबा कपाटात ठेवलाय, अगदीच सहन होत नाही तेव्हा देते. गावात एकही मेडिकल ही गोळी ठेवत नाही. – जळगाव

ताई, तो डबा कपाटातून काढा. हे पत्र मी तीनदा वाचलं, कारण ‘अगदीच सहन होत नाही तेव्हा’ म्हणजे तुम्ही दोघं रात्री घड्याळाकडे बघत बसत असणार, आता देऊ का, अजून थोडं थांबू का. हेच करायचं नसतं.

साधी मॉर्फिनची गोळी चार तास काम करते, म्हणून ती घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची, दुखो न दुखो. दुखणं वर चढलं की त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं, चढूच दिलं नाही तर कमीत भागतं. विस्तव पेटल्यावर पाणी ओतण्यापेक्षा ठिणगी विझवलेली बरी, हे आपल्याला चुलीजवळ कळतं, गोळीच्या बाबतीत कळत नाही. मध्येच कळ आली, उठताना, कुशीवर वळताना, तर त्याच्यासाठी जादा डोस लिहून दिलेला असतो, नसेल तर लिहून मागा. रात्री झोपताना डबल देऊन मधली एक पाळी टाळता येते का हेही विचारा, पेशंटची आणि तुमची दोघांची झोप होईल.

व्यसनाचं सांगते. दारूडा माणूस नशेसाठी पितो आणि संसार सोडतो. दुखणारा माणूस गोळी घेतो आणि संसारात परत येतो, ओट्यावर येऊन बसतो, नातवाशी बोलतो, दोन घास खातो. डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनची चटक लागलेले पेशंट मी बावीस वर्षांत बोटावर मोजण्याइतकेपण बघितले नाहीत. हां, शरीराला तिची सवय होते, म्हणून एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची, पण असं बीपीच्या काही गोळ्यांचंही असतं. आणि शेवटची गोळी वगैरे काही नाही, लाईट दिल्यावर हाडाचं दुखणं कमी झालं आणि मॉर्फिन बंद झालं असे पेशंट मी घरी पाठवलेत. त्यावरून आठवलं, हाडाच्या दुखण्यावर लाईटचा एकच डोस देऊनसुद्धा बऱ्याच जणांना आराम पडतो, ते तुमच्या डॉक्टरांना विचाराच. आणि कंबर म्हणालात म्हणून, पायातली ताकद अचानक गेली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, मणक्यातली नस दाबली गेलेली असू शकते.

त्रास काय होतो ते पण सांगते, लपवत नाही. पहिले तीन-चार दिवस मळमळ आणि झोप, मग ते जातं. शौचाला कडक होतं, ते मात्र जात नाही, जोवर मॉर्फिन तोवर पोट साफ व्हायची गोळी रोज पाहिजे म्हणजे पाहिजे. इथे सगळे एक चूक करतात, इसबगोल देतात. मॉर्फिनने आतडं सुस्तावलेलं असतं, त्यात इसबगोल फुगून आणखी बूच बसतं, त्यामुळे आतड्याला हलवणारं औषध लागतं, ते डॉक्टर देतील. मोशन कधी झालं ते वहीत लिहा. पेशंट हाक मारून उठत नाही, श्वास फार संथ झालाय, अंग सारखं झटके देतंय, असंबद्ध बोलतोय असं काही दिसलं तर लगेच फोन. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, कारण मग मॉर्फिन शरीरात साठतं.

गोळी मिळत नाही याचं कारण कायदा. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, परवान्यांच्या कागदांचा ढीग आणि एक गोळी हिशेबात कमी आली तर तुरुंगाची भीती. गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच, मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, मॉर्फिन त्या अफूपासूनच बनतं, तिथला माल बाहेरच्या देशांत औषधासाठी जातो, आणि आपला माणूस जळगावात कळवळत बसतो. २०१४ साली संसदेने कायदा बदलला, आता मान्यता मिळालेलं हॉस्पिटल एकाच परवान्यावर मॉर्फिन ठेवू शकतं. त्यामुळे गावातल्या मेडिकलमध्ये फिरू नका, ज्या हॉस्पिटलने लिहून दिलं तिथूनच किंवा जवळच्या मान्यताप्राप्त केंद्रातून पुरेल इतकी घ्या, संपायच्या आठवडाभर आधी जा, जुनी चिठ्ठी आणि पेशंटची फाईल बरोबर. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि उरलेल्या गोळ्या परत नेऊन द्या.

सासूबाईंना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि एक रात्र त्यांना मुलाच्या खोलीत झोपू द्या.

प्रश्न : पप्पांना फुप्फुसाचा कॅन्सर कळून एकच महिना झाला आणि डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह विभागात पाठवलं. गुगल केलं तर शेवटच्या दिवसांचं काय काय आलं. म्हणजे आता काही होणार नाही का? – ठाणे

गुगल बंद करा आधी. पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास कमी करणारा इलाज, तो किमोच्या बरोबरीने चालतो, किमोच्या ऐवजी नाही. अमेरिकेत बोस्टनला १५१ पेशंटवर अभ्यास झाला होता, सगळे तुमच्या पप्पांसारखेच, फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच कळलेला. निम्म्यांना नेहमीचा इलाज, निम्म्यांना तोच इलाज अधिक पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीम. २०१० मध्ये निकाल छापून आला, दुसऱ्या गटाचं रोजचं जगणं बरं होतं, उदासपण तर कमी होतंच, पण ते जगले पण जास्त, सरासरी ११.६ महिने, पहिला गट ८.९. शेवटी शेवटी किमोचा मारासुद्धा त्यांना कमी लागला.

तुमच्या डॉक्टरांनी एका महिन्यात पाठवलं म्हणजे ते जागे आहेत. आपल्याकडे उलटं होतं, सगळं हातातून गेलं की पाठवतात, मग लोकांच्या डोक्यात पॅलिएटिव्ह म्हणजे मरण असंच बसतं. १९८६ मध्ये मुंबईला बांद्र्यात शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांत पेशंटची काळजी घेणारी जागा, तेव्हापासून हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह हे शब्द लोकांनी एकच करून टाकलेत. हॉस्पिस हा पॅलिएटिव्हमधला फक्त एक भाग. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे, तिथे पेशंट नातेवाईकासोबत राहतो, फुकट, आणि तिथे पण किमो चालू असलेले पेशंट येतात, त्रास आटोक्यात आला की घरी जातात. त्या विभागात पप्पांना धाप, खोकला, झोप, भूक, पैशाची चिंता, सगळं विचारतील. सांगू द्या त्यांना.

प्रश्न : सासूबाईंना कॅन्सर आहे हे आम्ही सांगितलेलं नाही, ‘गाठीला सूज आहे’ सांगितलंय. आता तिसरी किमो. सांगावं का? नणंदा म्हणतात त्या खचतील. – सोलापूर

केस गेले, तीन वेळा सलाईन लावून दिवसभर डे केअरमध्ये बसल्या, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईशी चार तास गप्पा मारल्या, आणि त्यांना माहीत नाही असं तुम्हाला वाटतंय? त्यांना बहुतेक सगळं माहीत आहे, आणि तुम्ही खचाल म्हणून त्या तुम्हाला सांगत नाहीयेत. एका घरात मी बघितलंय, सासू मला बाजूला घेऊन म्हणाली, सिस्टर, पोरांना सांगू नका मला कळलंय ते. आणि पोरं दाराबाहेर मला म्हणत होती, आईला सांगू नका.

एकदम बॉम्ब टाकायचा नसतो पण. आधी विचारायचं, ‘आई, तुम्हाला काय वाटतं, हा कशाचा इलाज चाललाय?’ आणि गप्प बसायचं. त्या जेवढं विचारतील तेवढंच उत्तर, खरं. त्या म्हणाल्या, मला नाही जाणून घ्यायचं, पोरगा बघेल, तर तोही त्यांचा हक्क. पण हा निर्णय त्यांनी करायचा, नणंदांनी नाही. नणंदांना हे वाचायला द्या, शिव्या मला बसू देत.

प्रश्न : गव्हांकुराचा रस, गोमूत्र, साखर बंद, एका वैद्यांचं भस्म. किमोबरोबर चालेल का? – नगरहून तीन जणांनी विचारलंय

भस्म नको, त्यात काय आहे हे कोणाला माहीत नसतं आणि लिव्हर-किडनी आधीच किमोने दमलेली असते. कच्चा रस आणि गोमूत्र काउंट कमी असताना तर अजिबात नको. साखर बंद केल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही, पेशंट मरतो, शुगरवाल्यांचं वेगळं. जे काही घेताय ते डॉक्टरांना सांगून घ्या, ते ओरडतील, ओरडू देत.

प्रश्न : मी स्वतः पेशंट आहे. वय ६१, अंडाशयाचा कॅन्सर, दर २१ दिवसांनी किमो, चार झाल्या, दोन राहिल्या. ओपीडीत डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा डॉक्टरांशी बोलतो, माझ्याशी कोणी बोलत नाही. हाताच्या बोटांना मुंग्या येतात, ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, भाकरी थापताना तव्याचा चटका कळत नाही. मुलगा म्हणतो किमो आहे, होणारच. पुढच्या महिन्यात १४ तारखेला भाचीचं लग्न आहे, मला जायचंय. सगळे म्हणतात इलाज महत्त्वाचा. – रत्नागिरी

काकू, तुमचं पत्र मुद्दाम शेवटी घेतलंय.

आधी बोटांचं, कारण ते थांबणारं नाही. तुम्हाला जी औषधं चालू असणार त्यातल्या एकाने हातापायाच्या नसा दुखावतात, हे खरं आहे आणि ‘होणारच’ हेही अर्धं खरं आहे. पण हूक लागत नाहीत आणि चटका कळत नाही इथपर्यंत गेलं की डॉक्टर औषधाचा डोस कमी करू शकतात, बदलू शकतात. ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, स्कॅनमध्ये दिसत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगितलं नाही तर पाचवी पण पूर्ण डोसची जाईल आणि मग काही जणींच्या मुंग्या कायमच्या राहतात. तोपर्यंत भाकरी दुसऱ्या कोणाला थापू दे, घरात पायात चप्पल, आंघोळीचं पाणी कोपराने तपासायचं, हाताने नाही.

न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात ७६६ पेशंटवर एक अभ्यास झाला. काही पेशंटना घरून कॉम्प्युटरवर स्वतःचे त्रास स्वतः भरायला सांगितले, भूक, दुखणं, धाप, मुंग्या असे बारा, आणि फार वाढलं की नर्सला निरोप जायचा, नर्स फोन करायची. बाकीच्यांचं नेहमीसारखं, ओपीडीत विचारतील तेव्हा सांगायचं. २०१७ मध्ये निकाल आला, स्वतः सांगणारे सरासरी ३१ महिने जगले, दुसरे २६. नवीन औषध एकही नव्हतं त्यात काकू, फक्त पेशंटने बोलायचं आणि कोणीतरी ऐकायचं. हे मी लेक्चरला गेले की प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी मागच्या बाकावरचा कोणीतरी डॉक्टर मोबाईलमध्ये बघत असतो, असो.

तुम्हाला कॉम्प्युटर नको, शाळेची चाळीस पानी वही घ्या. रोज रात्री तारीख टाकून चार ओळी, दुखणं दहापैकी किती, मळमळ दहापैकी किती, झोप, पोट, आणि बोटांचं काय ते. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. हूक लागले का नाही हेसुद्धा लिहा, डॉक्टरांना ‘मुंग्या येतात’पेक्षा ‘मंगळवारपासून हूक लागत नाहीत’ लवकर कळतं. वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रश्न. तीनच, सात लिहिले तर एकही विचारला जात नाही.

आता लग्न. इलाज महत्त्वाचा हे बरोबर, पण भाचीचं लग्न महत्त्वाचं नाही असं कोणी ठरवलं? २१ दिवसांच्या सायकलमध्ये पहिले चार-पाच दिवस थकवा नि मळमळ, मग दुसऱ्या आठवड्यात काउंट पडलेले, आणि तिसरा आठवडा सगळ्यात चांगला, तोंडाला चव येते, अंगात जीव येतो. कॅलेंडर घ्या, पाचव्या किमोची तारीख आणि १४ तारीख यात किती दिवस पडतात ते मोजा. लग्न दुसऱ्या आठवड्यात येत असेल तर किमो दोन-चार दिवस इकडेतिकडे करता येईल का हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचाच, बऱ्याच वेळा थोडं हलवता येतं, कधी नाही येत, तेव्हा का नाही ते सांगतील. आपल्या मनाने मात्र चुकवायची नाही. जाताना लग्नाच्या दोन दिवस आधी काउंट तपासून घ्या, मास्क, आणि जेवण पंगतीतलं गरम गरम, कापून ठेवलेली फळं नि कोशिंबीर सोडून द्या. थर्मामीटर पर्समध्ये. हॉलमध्ये एक खोली आडवं व्हायला आधीच सांगून ठेवा, आणि ब्लाऊजला हुकांच्या जागी वेल्क्रो लावून घ्या टेलरकडून, दहा मिनिटांचं काम आहे.

पुढच्या ओपीडीला मुलगा आत आला तर येऊ दे, चांगलाच आहे तो, धावपळ करतोय. पण डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर तुम्ही बसा, फाईल आणि वही तुमच्या मांडीवर ठेवा, आणि आत गेल्या गेल्या, कोणी तोंड उघडायच्या आधी, ‘डॉक्टर, मला तीन गोष्टी विचारायच्यात’ म्हणा. पहिली बोटांची. दुसरी चौदा तारखेची.